कुठं चुकला, ता सांगा

मास्तरांनी वेणूच्या पाटीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "चूक."

मी डोक्यावर चिरा घेऊन शाळेच्या अंगणात उभी होते. शाळेभोवती दगडी कुंपणाचा नवा गडगा घालायचं काम चाललं होतं. आम्ही बाया खाणीतून जांभ्याचे चिरे आणायचो, अंगणात उतरवायचो, परत जायचो. चिऱ्यांची रास शाळेच्या दारासमोरच होती. म्हणून मला सगळं दिसलं.

बाकीच्या पोरांच्या पाट्या मास्तर हातात घेत होते. पाटी मांडीवर ठेवायची, चुकलेल्या अक्षराभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा, पोराला जवळ ओढून दोन शब्द सांगायचे. पोर मान हलवायचं, जागेवर जाऊन तेवढं अक्षर पुसायचं आणि नीट लिहायचं. असं एकेकाचं चाललं होतं.

माझी वेणू दाराला लागून एकटी बसायची. तिची पाळी आली तशी ती उठली. पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, लिहिलेली बाजू पुढं केली आणि उभी राहिली. मास्तर जागचे हलले नाहीत.

"चूक."

"कुठं, गुरुजी?"

"सगळंच."

पोरं हसली. वेणू तशीच उभी. पाटी खाली घ्यायची की धरून ठेवायची, तिला कळेना. मास्तरांची नजर तिच्यावरून सरकली, दारातून बाहेर आली आणि माझ्या डोक्यावरच्या चिऱ्यावर थांबली.

"असू दे तसंच," ते तिला म्हणाले. "आईसारखे चिरेच वाहायचेत ना? त्याला ऱ्हस्व-दीर्घ लागत नाही."

ओरडले नाहीत. चिडले नाहीत. जेवताना मीठ मागावं तसं म्हणाले.

पोरं परत हसली. आता माझ्याकडे बघून.

मी काय केलं? काही नाही. चिरा उतरवला. चुंबळ झटकली. खाणीकडे परत गेले. त्या दिवशी किती चिरे वाहिले आठवत नाही. वाटेत कुणी बोललं का, आठवत नाही. तोंडात लाल धूळ होती, ती मात्र आठवते. थुंकायचंही सुचलं नव्हतं.

आम्ही महारवाडीतले. गाव रत्नागिरीच्या खाडीपलीकडचं. नाव लिहीत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. गाव खोताचं. खाण खोताची. आमचं घर उभं होतं ती जागासुद्धा खोताची. माझा नवरा मुंबईला गोदीत गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून राहिला. मी आणि वेणू माझ्या बापाकडे राहत होतो. त्याला आम्ही आबा म्हणायचो. आबा पल्टणीतला पेन्शनर. पल्टणीत असताना तो अक्षरं शिकला होता. छापलेलं वाचायचा, एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत.

मीही शाळेत गेले होते. माझ्या वेळी आमची पोरं पडवीत बसायची. बाहेर. उन्हाची तिरीप आली की सरकायचं, पावसाची झड आली की भिंतीला चिकटायचं. आमच्यावर छडी मारायची तर मास्तर ती फेकून मारायचे. लागली की छडी आम्हीच उचलून उंबऱ्यावर ठेवायची, वर पाणी टाकून मग ते घ्यायचे. माझ्याही पाटीला ते लांबूनच म्हणायचे, "चूक." कुठं चुकलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. तिसरीत नापास झाले आणि बसले घरी. मला वाटायचं, आपल्या डोक्यातच नाही.

वेणूच्या वेळेला वरून हुकूम आला. सगळ्या जातींची पोरं शाळेत आत बसवा. मास्तरांनी हुकूम पाळला. वेणू आत बसली. पाटी हातात घेऊन तपासा, असं हुकुमात लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी खाणीवरून आले तर वेणू अंगणात बसलेली. पाटी पुसली नव्हती.

"आये, बघ गो. ह्यात काय चुकला?"

मी हात धुतले, पाटी घेतली. तिनं लिहिलं होतं:

आमच्या गावात नदि आहे. तिचे पानी गोड आहे.

मी बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. उजेडाकडे पाटी धरून वाचलं.

मला एकही चूक दिसली नाही.

मास्तर माझ्या चिऱ्याकडे बघून बोलले, ते मी गिळलं होतं. अशी गिळायची सवय होती. पण हे गिळता येईना. माझी पोर मला विचारतेय, आणि मला दिसत नाही. मला तिसरीपर्यंत शाळेत बसवून कुणीतरी आंधळं ठेवलं होतं. आता तिलाही तसंच ठेवणार होते. हुकूम पाळून.

"आबाला दाखव," मी म्हटलं.

आबानं पाटी लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाला, "पानी न्हाय गो. पाणी. पल्टणीत हवालदार सांगायचा. जीभ मागं वळवायची, टाळूला लावायची."

"पानी," वेणू म्हणाली.

"मागं वळव."

"पा... णी."

"हां! तसा."

मी पण म्हणून बघितलं. जीभ वळेना. आम्ही जन्मभर पानीच प्यायलो होतो.

आबा म्हणाला, "पैल्यांदा माझा पन हात वळत नव्हता. तर हवालदारानं माझा हात हातात धरला आणि पाटीवर गिरवून घेतला. मराठा व्हता तो. पल्टणीत शिवलेला चालायचा."

वेणू त्याच्या हाताकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून आमच्या घरात नवा उद्योग सुरू झाला. वाण्याच्या दुकानातून मीठ-मिरची पुडीत यायची. वाणी पुडी वरून माझ्या पदरात टाकायचा. पुडीचा कागद म्हणजे जुनं वर्तमानपत्र. आधी तो चुलीत जायचा. आता मी तो मांडीवर घासून सरळ करायची. वेणू त्यातून शब्द शोधायची. नदी सापडली. 'दी'ची वेलांटी पुढं होती, मागं नव्हती. म्हणजे तिची नदि चुकली होती. आम्ही अंगणातल्या मातीत काठीनं नदी लिहिली. पुसली. परत लिहिली. 'पाणी' सापडलं. 'आणि' सापडलं. दोन्हीत ण, पण एकात दीर्घ आणि एकात ऱ्हस्व. का, ते कागद सांगत नव्हता. नुसतं लक्षात ठेवायचं.

खाणीवर चिरे वाहताना मी पुटपुटायची. पाणी. लोणी. कोण. आणि. शेजारची रखमा माझ्या पुढं असायची. ती वळून म्हणाली, "काय गो, मंतर म्हणतंस काय? भटीण झालंस काय?" बाया हसल्या. मीही हसले. जीभ मात्र वळू लागली होती.

मग टिंबांची भानगड निघाली.

छापलेल्या अक्षरांवर जागोजाग टिंबं होती. आम्हाला आधी वाटलं माशीची घाण. आबानं नखानं खरवडून बघितलं. कागद फाटला, टिंब गेलं नाही. गावात या शब्दावर दोन टिंबं, गांवांत. नाव लिहिलेलं, नांव. तोंडानं बोलताना ती टिंबं कुठं ऐकू येत नव्हती. त्या काळी लिहायची तशी पद्धत होती. पुढं सरकारनं ती टिंबं काढून टाकली, आता पोरांना ठाऊकही नाहीत. पण तेव्हा ती नसली की चूक. आणि ऐकून ती लिहिता येणं शक्यच नव्हतं. ज्याला माहीत आहे त्यानं सांगितलं, तरच कळणार.

वेणूनं एक दिवस पुडीचा कागद माझ्यापुढं धरला. "आये, हितं 'ते म्हणाले' लिवलाय. ह्या 'ते'वर टिंब न्हाय. आणि खाली बघ, 'तें खरें नाहीं.' ह्या 'तें'वर हाय. एकच अक्षर. कदी टिंब, कदी न्हाय. का?"

मी आबाकडे बघितलं. आबानं मान हलवली. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"गुरुजींना इचार ना गो," वेणू म्हणाली.

मी विचारायला गेले. शाळा सुटल्यावर, मास्तर दाराला कडी घालत होते तेव्हा. अंगणाच्या खाली, गडग्यापाशी उभी राहिले. पदर डोक्यावरून घेतला.

"गुरुजी, एक इचारायचा व्हता."

"बोल."

"पोरीची चूक व्हते, ती कुठं व्हते ता तिला दावलात तर बरा व्हईल. ती घरी लिवते. पन टिंब कुठं द्यायचा ता आमाला कळत न्हाय."

मास्तर वाईट बोलले नाहीत. ते पायरीवर बसले आणि मला समजावून सांगू लागले. "हे बघ. पाटी हातात घेतल्याशिवाय चूक दाखवता येत नाही. तुझ्या मुलीची पाटी हातात घेतली तर मला भर शाळेतून उठून आंघोळ करावी लागेल. रोज. ते होणार आहे का? तूच सांग."

मी पदर आणखी पुढं ओढला.

"पोर हुशार आहे तुझी. म्हणूनच सांगतो. हुशार पोरीला जास्त त्रास होतो. थोडं वाचता आलं, सही आली, पुष्कळ झालं. आणि हो, पुढल्या आठवड्यात दिपोटी यायचेत. त्या दिवशी तिला घरी ठेव. उगाच सगळ्यांसमोर नापास व्हायला नको."

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा सरकारी साहेब. तो आला की परीक्षा. पास झालं तर वरची इयत्ता.

"व्हय, गुरुजी," मी म्हटलं आणि वळले.

मास्तर प्रेमानं बोलले होते. तेच मला सहन होईना. शिवी दिली असती तर घरी जाऊन मीही त्यांना शिव्या घातल्या असत्या. त्यांनी माझ्याकडून 'व्हय' काढून घेतलं होतं. माझ्याच तोंडून माझ्या पोरीला घरी बसवलं होतं.

घरी आबाला सांगितलं. तो तंबाखू चोळायला बसला.

"पाठवशील तिला?"

"तू काय म्हंतोस?"

"मी काय म्हनू? जागा खोताची. मी म्हातारा. तू ठरव."

परीक्षेच्या दिवशी सकाळी वेणूची वेणी घातली. खोबरेल चोपडून केस घट्ट बांधले. "तू जा," मी म्हटलं. "जागेवर बस. लिही. कुणी काय बोलला तर उत्तर देऊ नको." तिच्या मागून मी खाणीवर गेले. पण चिरा घेऊन शाळेपाशी आले ती परत फिरले नाही, चिरे लावायच्या निमित्तानं रासेपाशी रेंगाळत राहिले. मुकादमानं दोनदा हाक मारली. मी ऐकली नाही.

शाळेत टेबल मांडलं होतं. दिपोटी टेबलापाशी, डोक्याला पगडी, अंगात काळा कोट. शेजारी खुर्चीवर खोत. मास्तर उभे. वेणूला बघून मास्तरांचा चेहरा उतरला. पण साहेबासमोर काय बोलणार? ती दाराशी तिच्या जागेवर बसली.

दिपोटींनी स्वतः सांगून लिहून घेतलं. एक वाक्य, थांबायचं, दुसरं वाक्य. मी बाहेर उभी राहून ओठांनी ते म्हणत होते. वेणूची मान पाटीत. पेन्सिल चालली होती, थांबली नव्हती.

मग मास्तरांनी पाट्या गोळा केल्या. एकावर एक रचून टेबलावर ठेवल्या. वेणू पाटी पुढं करून उभी राहिली. मास्तर तिच्यासमोरून निघून गेले.

दिपोटींचं लक्ष गेलं. "त्या मुलीची राहिली."

"ती सोडा, साहेब," मास्तर म्हणाले. "ती नापासच आहे."

"तपासलीत?"

"तपासायचं काय त्यात?"

खोत हसला. दिपोटींनी पहिली पाटी उचलली आणि वाचायला लागले. म्हणजे संपलं. वेणू खाली बसली. तिनं पाटी मांडीवर उलटी ठेवली, आणि वरून हात ठेवला.

मला नीट सांगता येणार नाही पुढं काय झालं ते. मी धीट बाई नव्हते. खोत समोरून आला तर वाट सोडून शेतात उतरणारी मी. पण तो तिचा हात बघितला. हातातला चिरा खाली टाकला. टाकला म्हणजे आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. शाळेतल्यांनी दचकून बाहेर बघितलं. तोवर मी उंबरा ओलांडला होता. त्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल आयुष्यात पहिल्यांदा पडत होतं.

वेणूच्या मांडीवरची पाटी उचलली. टेबलापाशी गेले. सगळ्या पाट्यांच्या वर ती ठेवली. साहेबाच्या समोर.

"कुठं चुकला, ता सांगा."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. पण निघाला.

खोत खुर्चीतून उठला. "ए! बाहेर हो! बाहेर हो आधी!"

"व्हते बाहेर. चुकला असंल तर नापास करा पोरीला. मी कशाला न्हाय म्हनू? पन कुठं चुकला, ता दावा."

"मास्तर, हिला बाहेर काढा!"

मास्तर काढणार कसे? मला हात लावावा लागला असता. ते नुसते उभे राहिले. सगळी पोरं उभी राहिली. वेणूच्या पाटीखाली आपली पाटी आहे, ती बाटली, हे ध्यानात आलं तसं एक पोरगं रडायला लागलं.

दिपोटींनी खोताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पाटीकडे. मग म्हणाले, "मास्तर, तपासा."

"साहेब..."

"सरकारी परीक्षा आहे. तपासल्याशिवाय मला नापास लिहिता येत नाही. तपासा."

मास्तरांनी पेन्सिल घेतली. अगदी टोकाला धरली, दोन बोटांत. हात लांब केला. पाटीला बोट लागणार नाही अशा बेतानं, पेन्सिलीच्या टोकानं गोल काढू लागले. लांबून काढलेले गोल वाकडे झाले.

वेणूनं लिहिलं होतं: आमचे घर लहान आहे. त्याचे दार उंच आहे. जवळच्या विहीरीचे पाणी थंड असते.

एक गोल. दुसरा. तिसरा. चौथा. पाणी या शब्दाला गोल पडला नाही. ते मी बघितलं.

"अनुस्वार नाहीत," मास्तर साहेबाला म्हणाले. "आणि विहिरीची 'हि' ऱ्हस्व पाहिजे."

"अनुस्वार का, ते सांगा तिला."

मास्तर वेणूकडे बघेनात. भिंतीकडे बघून ते म्हणाले, "तो दगड. ती विहीर. तें पाणी. ज्याला 'तें' म्हणतो, तिथं टिंब द्यायचं. तें घर, म्हणून आमचें. तें दार, म्हणून त्याचें. तें पाणी, म्हणून विहिरीचें, आणि असतें."

झालं. तेवढंच.

मी टेबलापाशी उभी राहून ऐकत होते. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. एवढ्यासाठी मी पडवीत बसले होते. एवढ्यासाठी तिसरी नापास झाले, घरी बसले, आणि जन्मभर मला वाटत राहिलं की माझ्या डोक्यातच नाही. डोक्यात सगळं होतं. एक वाक्य कमी होतं. ते त्यांच्याजवळ होतं, आणि त्यांनी ते दिलं नाही. माझ्या आईला दिलं नाही, मला दिलं नाही. ते दिल्यानं त्यांचं काय जाणार होतं?

त्या क्षणाला माझी भीती गेली. नंतर पुष्कळदा परत आली, खोटं कशाला सांगू? पण तेव्हा गेली.

दिपोटींनी हिशेब केला आणि म्हणाले, "नापास."

मी पाटी उचलली. "बरा," म्हटलं. वेणूचा हात धरला आणि बाहेर आले.

एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. तपासा म्हणणाऱ्या साहेबानंही वेणूच्या पाटीला हात लावला नव्हता.

घरी जाताना वेणू पाटी छातीशी धरून चालत होती, गोल पुसले जाऊ नयेत म्हणून. नापास झाल्याचं तिच्या तोंडावर काही नव्हतं. वाटेत बोलायला लागली. "आये, तें झाड. तें पान. तें वासरू. तो कावळा, त्याला न्हाय. ती खाडी, तिला न्हाय. तें आभाळ, हाय!" मी ऐकत होते आणि मागं वळून वळून बघत होते, कुणी येतंय का.

दुपारीच मुकादमाचा निरोप आला. उद्यापासून खाणीवर यायचं नाही. वाण्यानं मीठ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गावकीनं बोलावलं. देवळापुढच्या पारावर खोत आणि चार मानकरी, आम्ही खाली लांब उभे. मी आणि आबा. आबानं पल्टणीतला जुना कोट घातला होता.

खोत म्हणाला, "शाळा बाटवलीस. साहेबासमोर गावाची अब्रू घालवलीस. शाळेच्या पायरीवर नाक घासायचं, माफी मागायची, पोरीला शाळेतून काढायचं. नाहीतर जागा खाली करा."

"माफी कसली?" मी विचारलं.

"कसली? चूक केलीस त्याची!"

"मी चूक इचारली. केली न्हाय."

पारावर कुणीतरी दगड उचलला. आबा माझ्या पुढं झाला. हात बाजूला घेऊन ताठ उभा राहिला, पल्टणीत उभा राहायचा तसा. दगड सुटला नाही. आबा म्हणाला, "चल, बाय. सामान बांधू."

घरी वाडीतली माणसं जमली होती. चिडलेली. त्यांचं तरी काय चुकत होतं? आमच्यापायी सगळ्या वाडीला झळ लागणार होती. रखमानं माझे हात धरले. "माग गो माफी. नाक घासलास तर काय झडून जातंय? आमी काय कमी घासलाव?" तिचे डोळे भरले होते. माझेही. पण मान हलेना. वेणू दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यादेखत मी 'व्हय' म्हटलं असतं, तर तिच्या पाटीवरचं ते सगळं मी स्वतःच्या हातानं पुसलं असतं.

आम्ही तरीतून खाडी ओलांडली. रत्नागिरीला बंदराजवळ एका ओळखीच्याच्या पडवीत पाठ टेकली. गलबतातून कौलं यायची, ती मी उतरवायला लागले. वेणूला शहरातल्या शाळेत घातलं. तिथं सगळं गोड होतं असं नाही. काही मास्तरांनी तिची पाटी हातात घेतली. काहींनी नाही. नाही घेतली तिथं मी गेले. डोक्यावरची कौलं उतरवून, हात न धुता, तशीच गेले. विचारलं. एकदा हाकलून दिलं. परत गेले. विचारायचं कसं ते आता मला माहीत होतं, आणि एकदा कळलेलं ते विसरता येत नाही.

संध्याकाळी वेणू मला शिकवायची. माझ्या पाटीवर तीही गोल काढायची, आणि का ते सांगायची. मी चाळिशीकडे झुकत असताना ऱ्हस्व-दीर्घ शिकले. हे मी आज लिहिते आहे ते तिच्यामुळं. वेणूनं सातवी केली. पुढं काय केलं ती तिची गोष्ट आहे, ती सांगेल.

गावाहून निरोप यायचे. माफी माग, खोत विसरायला तयार आहे. दरवर्षी शिमग्याच्या आधी कुणीतरी यायचं. मी चहा करून द्यायची आणि नाही म्हणायची.

मग आबा आजारी पडला. आमच्यात माणूस पुरतात. त्याची आई, त्याचा बाप, माझी आई, सगळी गावच्या मसणवटीत. रखमा खाडी ओलांडून आली. म्हणाली, "खोत म्हंतो, म्हाताऱ्याला आणा. पन आदी माफी."

आबा अंथरुणावर पडून ऐकत होता. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"हितं पुर मला," तो म्हणाला. "माझ्यासाठी वाकलीस तर मी उठून जाईन."

त्याला रत्नागिरीतच पुरलं. परक्या मातीत, कुणी नात्यातलं शेजारी नाही. त्याचं मला आजही लागतं. रडू आलं की मी रडते. पण माफी मागायला मी गेले नाही.

खोत गेला. त्याचा मुलगा आला. तोही म्हणतो म्हणे, जुनं झालं, एकदा येऊन दोन शब्द बोलून जा, जागा परत देतो. माझं वय झालंय. गुडघे दुखतात. आपल्या जागेत मरावं असं कुणाला वाटत नाही? मला वाटतं.

तरी मी जाणार नाही. वेणूला सांगून ठेवलंय, तिच्या पोरींनाही सांगून ठेवलंय. मी मेल्यावर माझ्या नावानं कुणी त्या पायरीवर जायचं नाही. माझ्या नावानं कुणी माफी मागायची नाही. कुणी मागितली, तर ती माझी नव्हे.